'याशार' म्हणजे सरळ, पण कुणाच्या डोळ्यांना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या हिब्रू शब्दांबद्दल मराठीतून लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त विचारणा होते ती 'याशार' या शब्दाची. कुणाला प्रवचन तयार करायचं असतं, कुणी मराठी बायबल वाचताना अडतं, कुणाच्या घरी पिढ्यान् पिढ्या सिनेगॉगमध्ये हा शब्द ऐकला गेलेला असतो पण अर्थ कुणी सांगितलेला नसतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. वचनांचं मराठी माझं आहे, हिब्रूवरून केलेलं.

१. 'याशार' म्हणजे काय? एका शब्दात सांगता येईल का?

येईल: सरळ. रस्ता सरळ असतो, काठी सरळ असते आणि माणूसही सरळ असतो. तिन्हीकडे आपण मराठीत एकच शब्द वापरतो, तसंच हिब्रूतही आहे. नैतिक अर्थानं 'याशार' म्हणजे ज्याच्या वागण्यात, बोलण्यात आणि मनात वाकडेपणा नाही असा माणूस.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. हा शब्द वाटेवरचा आहे. माणूस किती पवित्र झाला हे तो मोजत नाही, माणूस कोणत्या दिशेनं चालला आहे हे सांगतो. पुढची बरीच कोडी एवढ्यानं सुटतात.

२. उच्चार कसा करायचा? योशेर, मेशारीम, मिशोर हे शब्द याच घरातले का?

या-शार, आघात दुसऱ्या अक्षरावर. मूळ तीन अक्षरं: योद, शीन, रेश. तुम्ही विचारलेले तिन्ही शब्द याच मुळातून फुटले आहेत. 'योशेर' म्हणजे सरळपणा, सचोटी. 'मेशारीम' म्हणजे निःपक्षपाती न्याय. स्तोत्र ९८ च्या शेवटी देव राष्ट्रांचा न्याय करतो तो 'मेशारीम'नं. 'मिशोर' म्हणजे सपाट जमीन, पठार. अनुवाद ३:१० मध्ये मवाबाच्या पठाराला हाच शब्द आहे आणि स्तोत्र २६:१२ मध्ये भक्त म्हणतो, माझा पाय मिशोरावर उभा आहे. डोंगराळ मुलखात राहणाऱ्या लोकांना पायाखाली सपाट जमीन लागणं म्हणजे काय, हे घाट उतरून पठारावर आलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागणार नाही. 'याशार' हे विशेषण जुन्या करारात सुमारे १२० वेळा येतं.

३. हा शब्द माणसांखेरीज आणखी कशाला वापरला आहे?

पुष्कळ गोष्टींना. शलमोनाच्या मंदिरात कोरीव कामावर सोनं चढवलं ते 'मेयुशार', म्हणजे नक्षीवर एकसारखं बसेल असं (१ राजे ६:३५). यहेज्केलाच्या दर्शनातल्या प्राण्यांचे पाय सरळ आहेत (१:७). पण मला विचाराल तर या शब्दाचं सर्वांत जिवंत चित्र १ शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ते गायींचं आहे.

इस्राएलच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) सात महिने स्वतःकडे ठेवला आणि त्यांच्यावर एकामागून एक संकटं आली. कोश परत पाठवायचं ठरलं, पण ही संकटं खरंच इस्राएलच्या देवाकडून आली की योगायोगानं, हे त्यांना पडताळायचं होतं. म्हणून एक नवी गाडी घेतली. तिला दोन दुभत्या गायी जुंपल्या, मानेवर कधी जू न चढलेल्या. वासरं घरी कोंडून ठेवली. हाकायला कुणी नाही. अशी गाय काय करेल? गोठ्याकडेच वळेल. पण मजकूर म्हणतो, 'वायिशार्ना हापारोत बादेरेख', गायी वाटेनं सरळ निघाल्या, बेथ-शेमेशच्या वाटेनं, एकाच रस्त्यानं, उजवीकडे वळल्या नाहीत की डावीकडे. आणि मध्येच दोन शब्द येतात: चालत होत्या आणि हंबरत होत्या.

हे हंबरणं विसरू नका. वासरांची ओढ संपली म्हणून त्या सरळ गेल्या नाहीत, ओढ होतीच. आपल्याकडे 'नाकासमोर चालणारा' म्हणतात त्यात ही हंबरणारी गाय बसत नाही. तिथे माणूस निवांत, कशात न पडणारा असतो. या क्रियापदातला सरळपणा ओढ असतानाचा आहे.

४. याशार, त्सादीक आणि ताम, तिघांचा अर्थ 'नीतिमान'च ना? फरक काय?

तिघे शेजारी आहेत, पण तिघांमागची चित्रं वेगळी आहेत. 'त्सादीक'च्या मुळाशी 'त्सेदेक' आहे, म्हणजे जे हवं तेवढं आणि तसं असणं. लेवीय १९:३६ मध्ये तराजू, वजनं आणि मापं 'त्सेदेक'ची असावीत असं सांगितलंय. म्हणजे शेराला शेर भरणारी. 'ताम' म्हणजे अखंड, कुठे चीर न गेलेला. 'याशार' म्हणजे सरळ. एक माप, एक अखंडपणा, एक रेषा.

तिन्ही मुळं एकाच वाक्यात पाहायची असतील तर नीतिसूत्रे ११:५ उघडा: 'त्सिदकात तामीम तेयाशेर दार्को'. अखंड माणसाची नीतिमत्ता त्याची वाट सरळ करते. इथे याशार हे क्रियापद होऊन आलंय आणि त्याला जोडलेला शब्द 'वाट' आहे. तीन शब्द समानार्थी असते तर या ओळीत काही उरलंच नसतं.

ईयोबाला पहिल्याच वचनात 'ताम वेयाशार' म्हटलंय, आतून अखंड आणि वागण्यात सरळ. नोहा 'त्सादीक' आणि 'तामीम' आहे (उत्पत्ती ६:९), पण तिथे याशार हा शब्द नाही.

५. मराठी बायबलमध्ये एकाच शब्दासाठी कुठे 'सरळ', कुठे 'नीट', कुठे 'योग्य' असं का?

कारण हिब्रू शब्दाचा पसारा एका मराठी शब्दात मावत नाही. माणसाविषयी असेल तर 'सरळ' छान बसतो, पण 'परमेश्वराच्या डोळ्यांना जे सरळ ते केलं' हे मराठीत अवघडल्यासारखं वाटतं, म्हणून भाषांतरकार 'योग्य' किंवा 'नीट' घेतात. यात चूक नाही. तोटा एवढाच की वाचणाऱ्याला या सगळ्या जागी मुळात एकच शब्द आहे हे कळत नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या त्याआधी ते काम पुरं झालं होतं. उतारवयात एकेका शब्दाशी झुंजणाऱ्या त्या विदुषीची आठवण मला अशा जागी हटकून येते. कोणतंही भाषांतर वाचताना 'इथे त्यांनी हा शब्द का निवडला असेल' असं स्वतःला विचारून पाहा.

६. 'आर्जव' हा शब्द जास्त अचूक नाही का? आणि 'सरळ' म्हटलं की भोळा वाटत नाही का?

पहिला भाग फार चांगला आहे. संस्कृतात 'ऋजू' म्हणजे सरळ आणि त्याचा भाव 'आर्जव'. भगवद्‌गीतेच्या तेराव्या आणि सोळाव्या अध्यायांत सद्‌गुणांच्या यादीत 'आर्जव' आहे, तिथे अर्थ ऋजुताच आहे. म्हणजे सरळ रेषेवरून सरळ मनाकडे जाण्याची वाट आपल्या भाषांनीही काढली होती. पण आजच्या मराठीत 'आर्जव' म्हटलं की ऐकणाऱ्याला विनवणी ऐकू येते. 'आर्जवं करून थकलो' असं आपण म्हणतो. त्यामुळे शब्द मूळचा अचूक असूनही आता उपयोगाचा नाही. 'प्रांजळ' जवळचा आहे, पण तो बोलण्यापुरता. 'सचोटी' व्यवहारापुरती. 'सरळमार्गी' मात्र अगदी नेमका आहे: स्तोत्र ३७:१४ मधल्या 'यिश्रे-दारेख'चं शब्दशः मराठी केलं तर हाच शब्द हाती येतो.

दुसरा भाग. हो, मराठीत 'साधा सरळ' म्हणजे कधी कधी ज्याला कुणीही फसवावं असा. हिब्रू 'याशार'ला ही छटा नाही. भोळ्यासाठी नीतिसूत्रांत 'पेती' हा वेगळा शब्द आहे, आणि त्यानं शहाणं व्हावं असा त्या पुस्तकाचा आग्रह आहे.

७. याशारच्या उलट शब्द कोणता?

एक नाही, बरेच आहेत, आणि सगळे वाकडेपणाचे. 'इक्केश' म्हणजे पिळवटलेला, 'पेतालतोल' म्हणजे पिळ्यावर पिळे पडलेला, 'नालोझ' म्हणजे आडवाटेला लागलेला, 'आकोव' म्हणजे वाकडा, कपटी. अनुवाद ३२:४ मध्ये देवाला 'त्सादीक वेयाशार' म्हटलंय आणि लगेच पुढच्या वचनात लोकांना 'इक्केश' आणि 'पेतालतोल' पिढी. सरळ रेषेशेजारी गुंतलेला दोर ठेवावा तसं. 'आकोव'बद्दल अकराव्या प्रश्नात आणखी आहे.

८. शास्ते पुस्तकाच्या शेवटी 'प्रत्येक जण आपल्या डोळ्यांना याशार ते करी' असं आहे. सरळ तेच करत होते तर ती तक्रार का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते शब्दाची गुरुकिल्लीही इथेच आहे.

हिब्रूत 'याशार'ला वारंवार एक जोड येते: 'बे-एने', म्हणजे अमुकाच्या डोळ्यांत. याशार बे-एने अमुक. रेषा सरळ आहे की नाही हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. भिंत बांधताना गवंडी ओळंबा सोडतो तो यासाठीच. नुसत्या नजरेला सरळ दिसणारी भिंत ओळंबा लावल्यावर झुकलेली निघते.

शमशोनाला तिम्नातली पलिष्टी मुलगी दिसते आणि तो बापाला म्हणतो, तीच मला करून द्या, 'ही याशरा वे-एनाय' (शास्ते १४:३). शब्दशः, ती माझ्या डोळ्यांना सरळ आहे. अर्थ एवढाच की मला पसंत आहे. इथे नीतीचा संबंध नाही. याच शमशोनाचे डोळे दोन अध्यायांनंतर पलिष्टी काढतात. तो माणूस डोळ्यांनी चालला, हे लिहिणाऱ्यानं शब्दांतूनच दाखवलंय.

मग पुस्तकाचं शेवटचं वाक्य (२१:२५) येतं: त्या दिवसांत इस्राएलात राजा नव्हता, जो तो आपल्या डोळ्यांना याशार ते करी. शमशोन एकटा जे करत होता ते आता सगळे करत आहेत. हे वाक्य १७:६ मध्येही आहे, आणि या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडतं त्यात गिबा गावात एका स्त्रीवर रात्रभर झालेला अत्याचार आणि त्यापायी जवळजवळ संपलेला बन्यामीन वंश आहे. त्या लोकांपैकी कुणीही 'आता मी वाईट करतो' असं म्हणून निघालेलं दिसत नाही. प्रत्येकाला आपली वाट सरळच दिसत होती. नीतिसूत्रे १४:१२ हेच सांगतं: एक वाट माणसासमोर याशार असते, पण तिचा शेवट मृत्यूच्या वाटा.

म्हणून हा शब्द कुठेही दिसला की आधी पुढचे दोन शब्द वाचा. कुणाच्या डोळ्यांना?

९. उरीयाला मारवणारा दावीद 'याशार' कसा?

दाविदानं उरीयाच्या बायकोला आपलंसं केलं आणि मग उरीयाला लढाईत मारवलं. मजकूर ते लपवत नाही. १ राजे १५:५ म्हणतं, दाविदानं परमेश्वराच्या डोळ्यांना याशार ते केलं, आयुष्यभर आज्ञांपासून ढळला नाही, 'उरीया हित्ती याच्या प्रकरणाखेरीज'. वाक्याच्या शेपटाला तो अपवाद कायमचा बांधलेला आहे.

राजांच्या पुस्तकांत हे ठरीव वाक्य आहे. आसा, योवाश, अमस्या, अजऱ्या, योथाम, प्रत्येकाबद्दल 'परमेश्वराच्या डोळ्यांना याशार ते केलं' आणि त्याला लागूनच 'पण उच्चस्थानं (टेकड्यांवरची पूजास्थळं) काही गेली नाहीत'. हिज्कीया आणि योशीया यांच्या बाबतीत तो 'पण' उरत नाही. अमस्याबद्दल २ इतिहास २५:२ आणखी बारीक आहे: याशार ते केलं, पण अखंड मनानं नाही. चौथ्या प्रश्नातला फरक इथे उपयोगी पडतो. वाट सरळ असू शकते आणि मन तरीही दुभंगलेलं.

तेव्हा 'याशार' म्हणजे निष्पाप असा अर्थ घेऊ नका. दिशा बरोबर होती, असा घ्या.

१०. कायद्यानं वागलं की माणूस याशार झाला का?

अनुवाद ६:१८ मध्ये आज्ञा आहे: याशार आणि तोव, म्हणजे सरळ आणि चांगलं ते कर. पण त्याआधीच्याच वचनात देवाच्या सगळ्या आज्ञा, साक्षी आणि नियम पाळा असं सांगून झालंय. मग हे वेगळं कशाला? तेराव्या शतकातले ज्यू भाष्यकार नाखमानिदेस याचं उत्तर देतात की माणसाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराचा नियम लिहिणं अशक्य आहे, म्हणून काही नियम सांगून झाल्यावर शास्त्र एकंदरीत म्हणतं, सरळ आणि चांगलं ते कर.

ताल्मुदात, म्हणजे रब्बींच्या शास्त्रचर्चांच्या ग्रंथात, याचं एक अगदी जमिनीवरचं उदाहरण आहे (बावा मेत्सीया १०८). माझं शेत विकायला निघालं. लागून ज्याचं शेत आहे त्याला 'बार-मेत्स्रा' म्हणतात. 'मेत्सेर' म्हणजे सीमा, बांध. म्हणजे बांधाचा भाऊबंदच म्हणा. बाहेरच्यानं ते विकत घेतलं तरी तितकेच पैसे मोजायला तयार असलेल्या बार-मेत्स्राचा हक्क आधी, कारण त्याला दोन तुकडे सलग मिळतात आणि बाहेरच्याला जमीन दुसरीकडेही मिळेल. विकणाऱ्याचं काहीच जात नाही. हा हक्क कशावर उभा आहे? याच वचनावर: सरळ आणि चांगलं ते कर. गावात जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला यातली समज लगेच कळते. नेमका नियम नसतानाही माणूस कसा वागतो, तिथे हा शब्द लागू होतो.

११. 'यशुरून' हे नाव याशारवरून आलंय का? आणि इस्राएल म्हणजे 'याशार-एल' असं ऐकलंय, ते खरं का?

पहिलं हो. 'यशुरून' हे इस्राएलचं लाडकं, काव्यातलं नाव आहे. बायबलमध्ये चारच वेळा येतं: अनुवाद ३२:१५, ३३:५, ३३:२६ आणि यशया ४४:२. यशयाच्या वचनात ते याकोबाला लागून आहे, 'भिऊ नकोस, माझ्या सेवका याकोबा, माझ्या निवडलेल्या यशुरूना'. याकोब हे नाव टाचेवरून आलं, पण त्याच मुळातून 'आकोव', वाकडा, हा शब्द येतो. एकाच माणसाला एकाच ओळीत वाकडा आणि सरळ अशा दोन्ही आठवणींनी हाक मारली आहे. यशया ४०:४ मध्येही 'आकोव' ते 'मिशोर' होईल असं अभिवचन आहे. मला ही दोन वचनं एकत्र वाचायला फार आवडतात.

दुसऱ्याबद्दल सावध राहा. बिंदू न देता लिहिलं तर शीन आणि सीन सारखेच दिसतात, त्यामुळे 'इस्राएल'मध्ये याशारची तिन्ही अक्षरं ओळीनं आहेत. शब्दखेळ म्हणून ते सुंदर आहे, पण उत्पत्ती ३२ मध्ये नावाचा दिलेला उलगडा झुंजण्याचा आहे, सरळपणाचा नाही.

१२. 'याशारचं हरवलेलं पुस्तक सापडलं' असं व्हॉट्सअॅपवर येतं. वाचावं का?

सापडलेलं नाही. 'सेफेर हायाशार', सरळांचं पुस्तक, याचा उल्लेख बायबलमध्ये दोनदा आहे: सूर्य थांबला त्या प्रसंगी (यहोशवा १०:१३) आणि शौल-योनाथानावरच्या दाविदाच्या विलापगीतापाशी (२ शमुवेल १:१८). दोन्ही जागी कविता आहे, म्हणून तो जुन्या गीतांचा संग्रह असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो आज उपलब्ध नाही.

त्याच नावानं फिरणारी पुस्तकं नंतरची आहेत. एक १६२५ साली व्हेनिसला छापलेलं हिब्रू कथांचं पुस्तक. कथा म्हणून रंजक आहे. दुसरं १७५१ साली लंडनच्या जेकब आयलिव नावाच्या छापखानेवाल्यानं काढलेलं, ते बनावट आहे. आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी त्यातलं पुस्तक या दोहोंपैकी कोणतं, एवढं पाहा.

१३. खूप धार्मिक माणूस याशार नसू शकतो का?

शकतो, आणि हे एका मोठ्या रब्बींनी स्पष्ट लिहून ठेवलंय. व्होलोझिनच्या येशिवाचे, म्हणजे ज्यू धर्मपाठशाळेचे, प्रमुख नफ्ताली त्स्वी येहुदा बर्लिन (१८१६–१८९३) उत्पत्तीच्या भाष्याच्या प्रस्तावनेत विचारतात: ताल्मुदात (अवोदा झारा २५) उत्पत्तीलाच 'सरळांचं पुस्तक' का म्हटलंय? अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना 'सरळ' म्हणण्याचं कारण काय. त्सादीक का नाही?

त्यांचं उत्तर चटका लावणारं आहे. दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसाच्या काळातली पिढी त्सादीक होती, भक्त होती, शास्त्राभ्यासात बुडालेली होती, पण जगाशी वागण्यात याशार नव्हती. आपल्याहून वेगळ्या रीतीनं देवाचं भय बाळगणाऱ्या प्रत्येकावर ती पिढी पाखंडीपणाचा संशय घेई. त्या द्वेषातून रक्तपात झाला. उलट अब्राहाम परक्या, मूर्तिपूजक लोकांशीही प्रेमानं वागला. सदोमसारख्या गावासाठी तो देवाशी हुज्जत घालत राहिला, पन्नासावरून दहापर्यंत. त्सादीक असणं देवासमोरचं, पण याशार असण्याचा कस दुसऱ्या माणसासमोर लागतो, असा त्यांचा रोख आहे. चौथ्या प्रश्नात दिलेला शब्दकोशातला फरक इथे माणसांच्या रक्तापर्यंत पोचतो.

१४. उपदेशक ७:२९ चा नेमका अर्थ काय?

'देवानं माणसाला याशार घडवलं, पण त्यांनी पुष्कळ हिश्बोनोत शोधून काढले.' 'हिश्बोनोत' म्हणजे मोजण्या, आखण्या, क्लृप्त्या. आपला 'हिशेब' फारसीमार्गे अरबीतून आला, आणि तो अरबी शब्द या हिब्रू शब्दाचा चुलत भाऊच आहे. म्हणून मराठीत हे वचन अनायास चपखल बसतं: देवानं माणूस सरळ केला, त्यानं हिशेब काढले.

१५. नव्या करारात हा शब्द आहे का?

नवा करार ग्रीकमध्ये आहे, पण याशारचा अर्थ 'एउथूस' या ग्रीक शब्दातून तिथे पोचला. मार्क १:३ मधला 'त्याच्या वाटा सरळ करा' यशया ४० वरून आलाय. प्रेषितांची कृत्ये ८:२१ मध्ये पेत्र शिमोनाला म्हणतो, तुझं मन देवासमोर सरळ नाही. पुढच्याच अध्यायात दिमिष्कात शौलाचा (पुढे पौल झालेल्या, राजा शौलाचा नव्हे) मुक्काम असतो तो 'सरळ' नावाच्या रस्त्यावर (९:११). तो रस्ता आजही आहे.

१६. आमचे आजोबा बेने इस्राएल होते. शब्बाथच्या प्रार्थनेत 'येशारीम' ऐकल्याचं आठवतं. ते हेच का?

हेच. (बेने इस्राएल म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज.) 'येशारीम' हे अनेकवचन. शब्बाथच्या सकाळी म्हटल्या जाणाऱ्या 'निश्मात' प्रार्थनेत चार प्रकारचे लोक देवाची स्तुती करतात: येशारीम (सरळ), त्सादीकीम (नीतिमान), हासिदीम (भक्त) आणि केदोशीम (पवित्र). पहिला मान सरळांचा. चौघांची आद्याक्षरं हिब्रूत जुळवली तर 'यित्सहाक', म्हणजे इसहाक, असं नाव होतं. हीच प्रार्थना हगादेतही, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायच्या पोथीतही, आहे, आणि मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ सालीच छापली गेली होती. तेव्हा कोकणातल्या तुमच्या पूर्वजांनी हा शब्द बहुधा हिब्रूत म्हटला आणि मराठीत समजून घेतला असेल.

आजच्या इस्राएलमध्ये तर तो रोजचा आहे. रस्ता विचारला तर 'याशार, याशार' म्हणजे सरळ जा. थेट विमानाला 'तिसा येशिरा'. वेडेवाकडे दात तारेनं सरळ करून घेतात त्याला 'यिशुर शिनायीम'.

१७. याशारचा नैतिक अर्थ अजिबात लागू होत नाही अशी वचनं कोणती?

शमशोनाचं आठव्या प्रश्नात आलंच. आणखी तीन-चार कायम अडवतात.

यिर्मया १८:४: कुंभाराच्या हातातलं मडकं बिघडलं, तर त्यानं त्याच मातीचं दुसरं भांडं केलं, 'कुंभाराच्या डोळ्यांना याशार वाटलं तसं'. म्हणजे त्याला हवं तसं. पण इथे बघणारे डोळे घडवणाऱ्याचे आहेत, हे ध्यानात ठेवून पुढची वचनं वाचा.

२ राजे १०:३: येहू शोमरोनच्या अधिकाऱ्यांना लिहितो, धन्याच्या मुलांतला 'तोव आणि याशार' निवडून गादीवर बसवा. इथे अर्थ लायक, गादीला शोभेल असा.

नीतिसूत्रे २३:३१: प्याल्यात चमकणारा द्राक्षारस 'मेशारीम'नं जातो, म्हणजे घशाखाली अलगद उतरतो. न्यायासाठी वापरलेला शब्द दारूला, आणि तो मुद्दाम. पुढचंच वचन म्हणतं, शेवटी तो सापासारखा डसतो.

मीखा ७:४ सर्वांत कडू आहे: त्यांच्यातला 'याशार' म्हणवणारा काटेरी कुंपणाहून वाईट. शब्दाचा अर्थ बदललेला नाही, तो धारण करणारे बदलले आहेत.

१८. दिलेल्या क्रमांकावर मला वचन सापडत नाही.

हिब्रू बायबलचं क्रमांकन काही ठिकाणी एकानं पुढे असतं. होशेयातलं 'परमेश्वराच्या वाटा सरळ आहेत' हे वचन हिब्रूत १४:१०, मराठीत १४:९. बऱ्याच स्तोत्रांत मथळाच पहिलं वचन धरतात. या पानावर मराठी क्रमांक आहेत.

१९. ईयोब याशार होता, मग त्याच्यावर ते सगळं का कोसळलं?

शब्दार्थाच्या पानावर या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मावणार नाही, पण या पुस्तकात 'याशार' कोण उच्चारतं ते बघता येतं. ईयोबाला याशार म्हटलंय तीनदा: एकदा निवेदकानं (१:१) आणि दोनदा खुद्द देवानं (१:८ आणि २:३). दुसऱ्यांदा तर मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गेल्यावर. म्हणजे 'कुणाच्या डोळ्यांना' हा आठव्या प्रश्नातला सवाल इथे आधीच निकालात निघालाय. वाचणाऱ्याला ते माहीत आहे. राखेत बसलेल्या ईयोबाला माहीत नाही आणि त्याच्या मित्रांनाही नाही.

मग मित्र तोच शब्द हातात घेतात. अलीफज म्हणतो, सरळ माणसं कधी नाहीशी झालेली पाहिलीस का (४:७)? त्याच्या लेखी याशार असणं म्हणजे विम्याचा कागद. संकट आलं याचा अर्थ हप्ता चुकला असणार. बिल्दद पुढे जातो. ज्याची दहा मुलं नुकतीच घराखाली गाडली गेली त्या बापाला तो सांगतो, तू शुद्ध आणि याशार असलास तर देव आताच तुझ्यासाठी जागा होईल (८:६). देवानं 'आहे' म्हणून सांगितलेली गोष्ट बिल्ददाच्या तोंडी 'असलास तर' होते.